सुपरस्टार बास्केटबॉलवाल्यांच्या डोक्यात हवा भरतं कोण?

पिव्होट

क्रिकेटच्या धाग्यावर जत्रा भरते आणि बास्केटबॉलचा काढला की चार टाळकी जमतात, हे माहीत असूनही काढतोय, कारण काल जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात यावरून चांगलीच जुंपली.

निमित्त लेब्रॉन विरुद्ध स्टीफन ए. स्मिथ. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, लेब्रॉन जेम्स म्हणजे एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगचा सुपरस्टार, आणि स्टीफन ए. म्हणजे ईएसपीएन या क्रीडा चॅनलवर रोज सकाळी घसा ताणणारा आणि त्याचेच पैसे घेणारा गृहस्थ. लेब्रॉनचा मुलगा ब्रॉनी लेकर्समध्ये, म्हणजे बापाच्याच टीममध्ये, आल्यावर हा टीव्हीवरून लेब्रॉनला 'बाप म्हणून विनंती करतो, हे थांबव' वगैरे म्हणाला होता. तर मार्च २०२५ मध्ये लेकर्स-निक्स मॅचला हा पहिल्या रांगेत बसलेला आणि लेब्रॉन मॅचच्या मधेच जाऊन त्याला तोंडावर सुनावून आला. मग काय, स्टीफन ए.ला आयतं कुरण मिळालं. नंतर लेब्रॉनही पॅट मॅकअफीच्या शोवर जाऊन त्याची खिल्ली उडवून आला. दोघांचंही दुकान चालू.

माझं मत असं की हवा भरणारे मीडियावाले आणि टाचणी लावणारेही तेच. लेब्रॉन १७ वर्षांचा, अजून शाळेत होता, तेव्हा फेब्रुवारी २००२ मध्ये स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने त्याला कव्हरवर घेतलं आणि लिहिलं काय तर 'द चोझन वन'. त्याच डिसेंबरात त्याच्या शाळेची मॅच देशभर टीव्हीवर. आपल्याकडे बारावीच्या पोराचा चौकात फ्लेक्स लागला तरी तो महिनाभर जमिनीवर नसतो. मग याने तेच शब्द पाठीवर गोंदवून घेतले तर दोष कोणाला द्यायचा?

तुम्हाला काय वाटतं? हवा बाहेरून भरतात की हे मुळातच तसे असतात?

सातारी_तडका

डोक्यात हवा नसेल तर एवढा अवजड माणूस रिंगपर्यंत उडेल कसा? :-)

अनघा_न्यूजर्सी

पिव्होट, १७ व्या वर्षाचं पटलं. पण २०१० ला तो २५ चा होता की, आणि तेव्हा जे केलं ते कोणी बंदूक लावून करवून घेतलं नव्हतं.

मी 'द डिसिजन', म्हणजे आता कोणत्या टीमकडे जाणार ते सांगायचा त्याचा टीव्ही कार्यक्रम, लाइव्ह बघितलाय, ८ जुलै २०१०. कनेटिकटमध्ये ग्रीनिचच्या बॉइज अँड गर्ल्स क्लबचा हॉल, मागे मुलं ओळीने बसवलेली, हा चौकडीचा शर्ट घालून खुर्चीत, समोर जिम ग्रे. अख्ख्या क्लीव्हलंडचा जीव टांगणीला लागलाय आणि ग्रे विचारतोय, अजून नखं कुरतडतोस का! जवळजवळ अर्धा तास पाणी घालून घालून मग एकदाचं मायामी बाहेर पडलं. आणि हा कार्यक्रम ईएसपीएनने याच्यावर लादला नव्हता हां, कल्पना आणि मुलाखत घेणारा माणूस दोन्ही लेब्रॉनच्या गोटातून आले होते, चॅनलने फक्त एक तास मोकळा करून दिला. म्हणजे बातमीही याची, बातमीदारही याचा. मीडियाने हवा भरली म्हणे!

बरं टीम सोडणं हा गुन्हा नाही, करार संपला होता. पण ज्या शहराने तुला सात वर्षं डोक्यावर घेतलं त्याला टीव्हीवरून कळवायचं?

शंतनू

अनघाताई, त्या कार्यक्रमातून बॉइज अँड गर्ल्स क्लब्जना २० लाख डॉलरच्या वर मिळाले हेही सांगा की. लोक ते सोयीस्कर विसरतात.

आणि इगो इगो करताना मालकांचा इगो कोणी मोजत नाही. त्याच रात्री क्लीव्हलंडचा मालक डॅन गिल्बर्टने टीमच्या वेबसाइटवर पत्र टाकलं, कॉमिक सॅन्समध्ये! लेब्रॉनला भेकड काय, विश्वासघातकी काय, आणि वर वैयक्तिक गॅरंटी की त्या 'स्वयंघोषित किंग'च्या आधी आम्ही चॅम्पियन होऊ. लीगने त्याला १ लाख डॉलर दंड ठोकला. लेब्रॉन २०१२ आणि २०१३ ला जिंकून मोकळा, आणि गिल्बर्टला ट्रॉफी कधी मिळाली तर २०१६ ला, तीही लेब्रॉन परत आल्यावर. पण उद्धट कोण ठरला? खेळाडू.

उगाच_काहीतरी

कॉमिक सॅन्सला नावं ठेवू नका, आमच्या सोसायटीच्या 'पाणी येणार नाही'च्या नोटिसा त्यातच असतात. त्यामुळे थोडं हसत अंघोळ राहते.

अनघा_न्यूजर्सी

शंतनू, गिल्बर्टची बाजू कोण घेतंय? ते पत्र लाजिरवाणंच होतं. पण दुसऱ्या दिवशी मायामीत धूर, लाइट, स्टेज लावून लेब्रॉन, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश तिघं नाचले आणि लेब्रॉन 'एक नाही, दोन नाही' करत सातापर्यंत चॅम्पियनशिप मोजत गेला, त्याचं काय? एक मॅच खेळायच्या आधी! मग २०११ च्या फायनलला डॅलसने धुतल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या तर नवल काय. चौथ्या मॅचला याचे ८ पॉइंट. आठ. आणि त्याच मॅचला डर्क नोविट्झकी तापाने फणफणलेला असताना खेळून जिंकून गेला, त्याच्यावरून ड्वेन वेड आणि लेब्रॉनने कॅमेऱ्यासमोर खोटं खोकून दाखवलं. मालिका हरल्यावर प्रेसमध्ये काय बोलला, तर जे माझ्या अपयशाची वाट बघत होते त्यांना उद्या उठून त्याच आपल्या कटकटींत जगायचंय. म्हणजे आम्हीच भिकारडे.

तरीही २०१६ च्या फायनलमधला त्याचा ब्लॉक बघताना मी सोफ्यावरून उठून ओरडले होते, हे वेगळं.

बोरीबंदर

तुम्ही पोरं सगळं लेब्रॉनपासून सुरू करता. शिकागो बुल्सच्या मायकल जॉर्डनचं बघा.

१९९३ च्या प्लेऑफमध्ये निक्सविरुद्धची मॅच तोंडावर असताना हा अटलांटिक सिटीच्या कॅसिनोत गेला, ते छापून आलं, झालं, याने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. त्याच जुलैत वडिलांचा खून झाला आणि काही लोकांनी त्याचाही संबंध त्याच्या जुगाराशी जोडून पाहिला. पुरावा शून्य. ज्याच्या घरात हे घडलंय त्याने हे वाचायचं. ऑक्टोबरात तो रिटायर झाला. मग बेसबॉल खेळायला गेला तर स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडने कव्हरवर 'बॅग इट, मायकल' छापलं, म्हणजे गाशा गुंडाळ. त्या मासिकाशी तो त्यानंतर बोलला नाही. याला इगो म्हणायचं असेल तर म्हणा, मी तरी स्वाभिमान म्हणेन.

आणि दुसरी बाजूही सांगतो. या लोकांना तो इगो लागतोच, जळणासारखा. लाब्रॅडफर्ड स्मिथ म्हणून वॉशिंग्टनचा एक साधा खेळाडू होता, त्याने एका रात्री जॉर्डनच्या बुल्सविरुद्ध ३७ मारले. जॉर्डनने टीममध्ये सांगितलं की जाताना हा मला 'नाइस गेम, माइक' म्हणून हिणवून गेला. दुसऱ्या दिवशी परत त्यांच्याशीच मॅच, जॉर्डनचे पहिल्या हाफमध्येच ३६, एकूण ४७. नंतर कळलं की तो बिचारा काही बोललाच नव्हता! अपमान याने स्वतःच रचला, स्वतःला चिडवायला. आता अशा माणसाला 'जरा नम्र हो' सांगायला जाणार कोण?

मृण्मयी

बोरीबंदर, गोष्ट भारी आहे पण असा माणूस माझ्या टीममध्ये असता तर मी एचआरला मेल टाकून मोकळी झाले असते. प्रॅक्टिसमध्ये स्वतःच्याच टीममधल्या स्टीव्ह करला ठोसा मारला होता त्याने. आपण ट्रॉफ्या मोजतो आणि मग ठोशाला 'जिद्द' म्हणतो. सहाऐवजी शून्य असत्या तर तोच ठोसा 'माज' झाला असता.

लॉकडाऊनमध्ये ती जॉर्डनवरची दहा भागांची डॉक्युमेंटरी, 'द लास्ट डान्स', सगळ्यांनी बघितली ना? ती बनवण्यात जॉर्डनची स्वतःची कंपनी होती. त्यामुळे जुगार, वडील, ठोसा, सगळं येतं पण शेवटचा शब्द कायम त्याचाच, हातात टॅब देऊन दुसऱ्याचं बोलणं दाखवायचं आणि हा बघून हसणार. बुल्समधला त्याचा साथीदार स्कॉटी पिपेनला ते अजिबात आवडलं नव्हतं, आणि मला त्याचा राग समजू शकतो, १९९४ ला १.८ सेकंद उरलेले असताना शेवटचा शॉट टीममधल्याच कुकोचला दिला म्हणून पिपेन कोर्टवर उतरलाच नाही ती गोष्ट परत सगळ्या जगाला दाखवली. इगो दोघांचेही होते, पण एडिटिंग एकाच्या हातात.

सातारी_तडका

आणि कुकोचने तो शॉट टाकला वर! पिपेनला दोन्हीकडून मार.

आदित्य_के

चर्चा चांगली चाललीये पण सगळे स्वभावावर बोलताय, पैशावर कोणीच नाही. थोडं लांब लिहितो, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

मीडिया म्हणजे नुसते बोंबलणारे लोक नाहीत, खेळाडूंचा पगार तिथूनच येतो. लीगने आता डिस्ने, एनबीसी आणि अॅमेझॉनशी ११ वर्षांचा करार केलाय, सुमारे ७६०० कोटी डॉलरचा. लीगच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा खेळाडूंना जातो. म्हणजे स्टीफन ए. ओरडतो, लोक बघतात, चॅनल पैसे देतं आणि ते फिरून लेब्रॉनच्याच खात्यात येतात. आधीच्या टीव्ही कराराचे पैसे आले तेव्हा २०१६ मध्ये सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, एका वर्षात ७ कोटींवरून ९.४ कोटी डॉलरवर गेली. त्यामुळेच ७३ मॅच जिंकलेल्या वॉरियर्सना वर केविन डुरंट परवडला. मग त्याच टीव्हीवाल्यांनी डुरंटला 'आयत्या बिळावर नागोबा' म्हणून वर्षानुवर्षं झोडपलं. बीळ खणलं कोणी?

दुसरं, एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) आणि ऑल-एनबीएला (सीझनमधल्या सर्वोत्तम खेळाडूंची यादी) मतं कोण देतं? पत्रकार आणि ब्रॉडकास्टर, शंभर जण. आणि ऑल-एनबीएमध्ये नाव आलं तर तुम्ही सुपरमॅक्स, म्हणजे सर्वात मोठ्या पगाराच्या कराराला पात्र ठरू शकता. मे २०१९ मध्ये वॉरियर्सचाच क्ले थॉम्पसन पत्रकारांसमोर उभा होता आणि त्यांच्यातल्याच कोणीतरी त्याला सांगितलं की तुझं नाव आलं नाही. त्याचा चेहरा बघा कधीतरी तो व्हिडिओ काढून. साधारण ३ कोटी डॉलरचा फरक होता तो. समोर रेकॉर्डर धरून उभ्या असलेल्या लोकांच्या मतपत्रिकांनी ठरवलेला. आता अशा माणसाने पत्रकाराशी गोड बोलावं की तोंड फिरवावं? काहीही केलं तरी आपण म्हणणार, हा मतांसाठी करतो किंवा याला माज आलाय.

शंतनू

हे क्लेचं माहीत नव्हतं. म्हणजे परीक्षक, बातमीदार आणि टीकाकार, तिन्ही टोप्या एकाच डोक्यावर.

अनघा_न्यूजर्सी

आदित्य, मुद्दा जोरदार आहे पण क्ले उपाशी नाही राहिला, त्याला ५ वर्षांचे १९ कोटी मिळाले, तेही गुडघा फाटलेला असताना. :-)

नागपाडा_बॉय

डुरंटचं नाव निघालंच आहे तर माझाही राग काढून घेतो.

आमच्या नागपाड्यात मस्तान वायएमसीएच्या कोर्टावर पिढ्यान् पिढ्या पोरं खेळतायत, एनबीए टीव्हीवर दिसायच्या आधीपासून. २०१७ ला डुरंट भारतात आला, दिल्लीजवळच्या एनबीए अकादमीत वगैरे गेला, तेव्हा आम्ही व्हिडिओ बघून वेडे झालो होतो. फायनल्स एमव्हीपी इथे पोरांना ड्रिबल शिकवतोय! आणि परत गेल्यावर मुलाखतीत बोलला काय, तर हा देश ज्ञान आणि अनुभवात २० वर्षं मागे आहे, रस्त्यावर गाई, माकडं. मग बोंब झाल्यावर ट्विटरवर माफी आणि माझं बोलणं संदर्भ सोडून घेतलं असं स्पष्टीकरण.

राग गाईंचा नाही, गाई आहेतच. राग याचा की ज्या पोरांनी तुला देव मानून फोटो काढले ती तुझ्या डोक्यात नव्हतीच. याला मी इगो म्हणतो, ओरडणं आणि छाती ठोकणं नाही, समोरचा न दिसणं.

उगाच_काहीतरी

आणि त्यानंतर महिन्याभराने त्याचं ट्विटरचं प्रकरण! कोणीतरी विचारलं ओक्लाहोमा का सोडलंस, तर हा स्वतःच्याच अकाउंटवरून 'त्याला' ती टीम आवडत नव्हती, 'त्याला' त्या कोचकडे खेळायचं नव्हतं असं लिहून बसला. म्हणजे खोट्या अकाउंटवरून स्वतःची वकिली करायची होती आणि अकाउंट बदलायचं राहून गेलं. एमव्हीपी, चॅम्पियन, कोट्यधीश, आणि रात्री कोणा अनोळखी पोराला उत्तरं देत बसलाय.

इथेही डुप्लिकेट आयडी घेऊन स्वतःच्या लेखावर 'सुंदर लिहिलंय' टाकणारे आहेत, नावं घेत नाही.

सातारी_तडका

सुंदर लिहिलंय.

मृण्मयी

हाहाहा!

बाय द वे हा रोग फक्त खेळाडूंना नाही. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या सिक्सर्स टीमचा बॉस ब्रायन कोलांजेलो याच खोट्या अकाउंट्सच्या भानगडीत गेला. त्या अकाउंट्सवरून स्वतःच्याच खेळाडूंना टोमणे आणि त्याच्या कॉलरची बाजू! त्याच्या बायकोने ती अकाउंट्स चालवल्याचं निघालं आणि याला राजीनामा द्यावा लागला.

कोकणकडा

पहिल्यांदाच लिहितेय या विभागात. मला डुरंटची कीव येते खरं तर. ज्याला काही फरक पडत नाही तो उत्तरं देत नाही. एवढं सगळं मिळवूनही एका अनोळखी माणसाचं वाक्य टोचतं, याला हवा म्हणायचं की भोक?

यावरून सिक्सर्सच्याच ॲलन आयव्हर्सनचं आठवलं. मे २००२ ची ती प्रेस कॉन्फरन्स, 'वी टॉकिंग अबाउट प्रॅक्टिस', वीसेक वेळा तो शब्द उच्चारला, त्याचे मीम आजही फिरतात, आळशी आणि माजोरडा खेळाडू म्हणून. पण आख्खी कॉन्फरन्स बघितलीत का? नुकतेच पहिल्या फेरीत बाहेर पडलेले, ट्रेडच्या, म्हणजे दुसऱ्या टीमला देऊन टाकण्याच्या, अफवा चालू, आणि त्याचा जिवलग मित्र काही महिन्यांपूर्वी गोळी घालून मारला गेला होता. तो तिथेच बोलला की माझा मित्र गेला, हा सीझनही गेला. ते कोणी क्लिपमध्ये ठेवलं नाही. वीस वर्षं आपण फक्त प्रॅक्टिस, प्रॅक्टिस ऐकून हसतोय.

क्लीव्हलंडच्या केविन लव्हला २०१७ मध्ये मॅच चालू असताना पॅनिक अटॅक आला, तो उठून आत गेला. पुढे जानेवारीत दुसरी एक मॅच बरं नाही म्हणून अर्धवट सोडून गेला, तेव्हा टीमच्या मीटिंगमध्ये त्यालाच विचारलं गेलं की तू मॅच सोडून गेलासच कसा. डेमार डेरोझनने डिप्रेशनबद्दल ट्वीट केलं त्यानंतर लव्हनेही मार्च २०१८ मध्ये स्वतः लिहिलं, तेव्हा लोकांना कळलं. हे लोक कणखर दिसण्यासाठी काय काय झाकून ठेवतात कोण जाणे, आणि आपण त्याला माज म्हणतो.

रिबाउंड

कोकणकडा, फार छान प्रतिसाद.

एक गोष्ट कोणी बोललं नाही. लीगमधले बहुतेक खेळाडू काळे आणि कितीतरी वर्षं लिहिणारे बहुतेक गोरे. बिल रसेलने बोस्टनला ११ चॅम्पियनशिप दिल्या, आणि त्याच्या घरात घुसून लोकांनी ट्रॉफ्या फोडल्या, भिंतीवर घाण शब्द लिहिले, बिछान्यात विष्ठा करून गेले. तो शहराबद्दल कडवट बोलला की पेपरवाले म्हणणार, हा तुसडा आहे, सह्या देत नाही. २०१८ ला लेब्रॉन राजकारणावर बोलला तर फॉक्सवरच्या बाईंनी सांगितलं, तोंड बंद ठेव आणि ड्रिबल कर. तेव्हा 'इगो' हे लेबल कोण कोणाला लावतंय ते एकदा तपासून घ्यावं.

सातारी_तडका

आता मस्करी बाजूला ठेवून. रसेलचं मान्य, शंभर टक्के. पण आजच्या प्रत्येक टीकेला ते लावू नका. स्टीफन ए. स्वतः काळा आहे, शॅक, बार्कली हे जुने खेळाडू टीव्हीवर बसून खेळाडूंची रोज सालं काढतात ते कोण आहेत? कायरी अर्व्हिंगने २०२० ला पत्रकारांशी बोलायला नकार दिला, २५ हजार डॉलर दंड झाला, तर त्याने लिहिलं काय, मी प्याद्यांशी बोलत नाही. माइक घेऊन उभं राहणारी ती पोरं पगारावर पोट भरणारी आहेत, त्यांना प्यादी म्हणायचं?

रिबाउंड

सातारी, सगळ्याला नाही लावत. एवढंच म्हणतोय की टीका करणाऱ्याचंही वजन करा. कायरीचं समर्थन मी करणार नाही, तो पृथ्वी सपाट आहे म्हणालेला माणूस आहे.

उगाच_काहीतरी

सपाट आहे म्हणून तर कोर्ट सरळ बसतं.

बोरीबंदर

शॅकचं नाव निघालं आणि कोबी ब्रायंटचं नाही? दोघांनी मिळून लेकर्सला २०००, २००१, २००२ सलग तीन चॅम्पियनशिप आणल्या, आणि त्या काळात एकमेकांशी बोलण्यापेक्षा पत्रकारांमार्फत जास्त बोलायचे. २००४ ला पिस्टन्सनी फायनलला ४-१ लोळवलं, शॅक मायामीला गेला. २००६ ला शॅकची चौथी. कोबीने २००९, २०१० करून पाच केल्या आणि पाचव्या रात्री विचारलं याचा अर्थ काय तुझ्यासाठी, तर उत्तर, शॅकपेक्षा एक जास्त. सात मॅचची सेल्टिक्सविरुद्धची फायनल जिंकून आलेल्या माणसाच्या मनात पहिलं हे! मला तर फार आवडलं होतं. निदान खरं बोलला.

आदित्य_के

आणि इगो नसलेल्यांचं आपण काय करतो तेही बघा. टिम डंकन, ५ चॅम्पियनशिप, १९ सीझन, २०१६ ला रिटायर झाला तर साधी प्रेस कॉन्फरन्ससुद्धा नाही, एक पत्रक. त्याच्या स्पर्सने २००७ ला लेब्रॉनच्या क्लीव्हलंडला ४-० ने गुंडाळलं, ती फायनल अमेरिकन टीव्ही रेटिंगमध्ये तोपर्यंतचा नीचांक होती. सभ्य माणूस म्हणून सगळे गौरव करतात, बघत मात्र कोणी नाही. डेन्व्हरच्या योकिचने २०२३ ला चॅम्पियनशिप जिंकल्यावर म्हटलं, काम झालं, आता घरी जाऊ. मिरवणूक कधी आहे कळल्यावर तोंड पडलं त्याचं, कारण सर्बियात घोड्यांची शर्यत गाठायची होती! आपण दोन दिवस 'किती साधा' म्हणून रील्स फॉरवर्ड केल्या आणि परत कोण कोणाला काय बोलला ते बघायला लागलो.

नागपाडा_बॉय

योकिच माझा माणूस आहे. आमच्याकडे सगळे उड्या मारणारे, मी एकटा जाडा, मला बघून आशा वाटते.

कोकणकडा

मिलवॉकी बक्सच्या यानिसचं नाव कोणी घेतलं नाही. एप्रिल २०२३, बक्स अव्वल मानांकित आणि पहिल्याच फेरीत मायामीकडून बाहेर. पत्रकाराने विचारलं, हा सीझन अपयशी म्हणशील का? यानिसने डोळे मिटले, हात तोंडावरून फिरवला, उसासा टाकला, हे तू गेल्या वर्षीही विचारलंस म्हणाला, मग विचारलं, तुला दरवर्षी नोकरीत बढती मिळते का? नाही ना, मग तुझं दरवर्षीचं काम अपयश का? जॉर्डन १५ वर्षं खेळला, सहा जिंकला, बाकी नऊ वर्षं अपयश? राग होता आवाजात पण अपमान नव्हता.

अनघा_न्यूजर्सी

कोकणकडा, उत्तर सुंदरच होतं, पण मी पत्रकाराच्या बाजूने. प्रश्न चुकीचा नव्हता! अव्वल टीम आठव्या क्रमांकाकडून हरली तर दुसरं काय विचारायचं, हवापाणी? तो प्रश्न आला नसता तर ते उत्तरही आलं नसतं. तो व्हिडिओ शेअर करणाऱ्यांनी त्या पत्रकाराला शिव्या घातल्या याचं मला वाईट वाटलं.

पिव्होट

दोन दिवस कामात अडकलो होतो, एवढे प्रतिसाद बघून बरं वाटलं. अनघा, 'द डिसिजन'चा मुद्दा मी मनात घोळवतोय, आणि त्यातून मला वेगळंच दिसायला लागलंय. त्या रात्री लोक लेब्रॉनवर चिडले, पण त्याने जी वाट पाडली तीच आज सगळे चालतायत. २०१४ ला परत क्लीव्हलंडला जाताना त्याने पत्र लिहिलं. डुरंटने २०१६ ला खेळाडूंच्याच वेबसाइटवर जाहीर केलं. वॉरियर्सचा ड्रेमंड ग्रीन तर २०२२ ची फायनल चालू असताना मॅच संपवून स्वतःच्या पॉडकास्टवर त्याच मॅचचं विश्लेषण करायचा! मधला पत्रकारच काढून टाकला. आणि आता तर निवृत्त खेळाडू, चालू खेळाडू सगळेच माइक घेऊन बसलेत, एकमेकांबद्दल बोलून क्लिप्स काढतात. हे जर मीडियामुळे बिघडले असते तर स्वतःचा मीडिया हातात आल्यावर सुधारायला हवे होते. तसं काही दिसत नाही.

आदित्य_के

टीमवालेही तेच करतात, फक्त नाव न देता. लुका डॉन्चिचला फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने रातोरात लेकर्सला देऊन टाकलं, बातमी आली तेव्हा लोकांना वाटलं त्या पत्रकाराचं अकाउंट हॅक झालंय. आणि लगेच 'सूत्रांकडून' सुरू, याचं वजन, याचा फिटनेस. २५ वर्षांचा पोरगा, आदल्या वर्षी फायनलला घेऊन गेलेला. एप्रिलमध्ये तो डॅलसला खेळायला आला, मोठ्या पडद्यावर त्याचा व्हिडिओ लागला आणि तो टॉवेलमध्ये तोंड घालून रडला, मग उठून ४५ मारले. ट्रेड करणाऱ्या निको हॅरिसनची नोव्हेंबरात नोकरी गेली.

शंतनू

त्या रात्रीचे ४५ जिवाच्या आकांताने मारले होते. तो इगो असेल तर असा इगो सगळ्यांना मिळो.

मृण्मयी

पिव्होट, मुळात प्रश्नच 'हे की ते' असा मांडलाय तिथे गडबड आहे असं मला वाटतं. जॉर्डनचा तो खोटा अपमान घ्या. तो पेपरमध्ये आला नव्हता, कोणी छापला नव्हता, तरी याने रचला. तो स्वभाव आधीच होता. मीडियाने त्याला बाजार मिळवून दिला, आणि बाजार आम्ही, म्हणजे इथे पन्नास प्रतिसाद टाकणारे. योकिचच्या घोड्यांवर धागा काढलात तर किती येतील?

सातारी_तडका

मी येईन. घोड्यांसाठी.

नागपाडा_बॉय

मीपण. बरं, २०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज-पेसर्स मॅचला इथलं कोण कोण होतं? पहिली मॅच ओव्हरटाइममध्ये गेली होती. एकही असा सुपरस्टार नाही ज्याच्यावर स्टीफन ए. तासभर ओरडेल, आणि तरी माझा घसा आठवडाभर बसला होता.

बोरीबंदर

मी होतो. तिकिटाची किंमत विचारू नकोस. पेसर्सच्या सबोनिसला एवढ्या जवळून पाहिलं की त्याच्या गुडघ्याच्या पट्टीचा वास यायचा बाकी होता.

नवा_भिडू

सगळे प्रतिसाद वाचले, मजा आली. एक शंका, मग शेवटी जॉर्डन मोठा की लेब्रॉन?

अनघा_न्यूजर्सी

नवा_भिडू, तुम्ही चांगले दिसता, म्हणून प्रेमाने सांगते, त्यासाठी वेगळा धागा काढा. आणि काढलात की मला लिंक देऊ नका, माझी नोकरी आहे.

बोरीबंदर

जॉर्डन.

शंतनू

झालं सुरू.